रिकामा रकाना

गावाचं नाव सांगून कुणाची अब्रू काढायची नाही. सोलापूर जिल्ह्यातलीच एक नगरपालिका, आणि तिच्या सांडपाणी प्रकल्पातली दोन खोल्यांची प्रयोगशाळा. वैजयंतीबाई तिथल्या केमिस्ट. डोक्यावर तापलेला पत्रा, नाकात कायमचा बसलेला वास, आणि आता वरून आलेलं नवं सॉफ्टवेअर! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

काम तसं सरळ होतं. शुद्ध होऊन नाल्यात पडणाऱ्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे, कपाटाएवढ्या यंत्रात तीन दिवस एकसारख्या उबेत ठेवायचे आणि पाण्यात घाण किती उरली तो आकडा लिहायचा. पण मध्येच वीज गेली, की ऊब मोडायची आणि तपासणी वाया जायची. इन्व्हर्टर मागून मागून बाईंच्या घशाला कोरड पडली. मग त्याही सगळ्यांसारखंच करू लागल्या. मागचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहायचा. रकाना रिकामा सोडायचा नाही, हा तिथला अलिखित नियमच होता. रिकामा रकाना दिसला की वरून विचारणा येते. भरलेल्याला कोण विचारतंय?

नवं सॉफ्टवेअर मात्र यंत्रातली ऊब स्वतःच टिपून ठेवायचं. त्या दिवशी बाईंनी सवयीनं आकडा टाकला, तर पडद्यावर लाल चौकट: ‘तापमान मोडले आहे. तपासणी रद्द करा, किंवा आपल्या जबाबदारीवर आकडा नोंदवा.’

“अगं बाई, ही तर सासूच्या वरताण निघाली!” बाई हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. “सर, जबाबदारीवर टाकून मोकळी होते. रद्द केलं तर ठपका माझ्याच नावावर यायचा.”

प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुलिंग सर काही बोलणार, तेवढ्यात दारात मायाक्का येऊन उभी राहिली. मंगळवेढ्याकडची मेंढपाळ बाई. प्रकल्पामागच्या रानात तिची मेंढरं बसली होती आणि प्यायचं पाणी ती रोज इथल्याच नळावर भरायची. आज तिनं कळशी खाली ठेवली.

“बाई, दोन कोकरं गेली. मेंढरं तुमच्या नाल्याचंच पाणी पित्यात. पाणी बरं हाय न्हवं? मागं तुमीच म्हनला हुता, बरं हाय म्हनून.”

बाईंच्या ओठांवर ‘बरं आहे’ आलंच होतं. पण नजर पडद्यावरच्या लाल चौकटीवर गेली. मागं त्यांनी ज्या आकड्याच्या भरवशावर सांगितलं होतं, तो त्यांनीच घडवलेला होता!

“वैजयंतीबाई,” सर हळूच म्हणाले, “खरं सांगा, पाणी कसं आहे?”

“माहीत नाही, सर.”

“मग तेच लिहा की! माहीत नाही, हेही उत्तरच आहे. आपण दर वेळी छान आकडे पाठवतो, मग वरच्यांनी इन्व्हर्टर कशाला द्यावा? सॉफ्टवेअर कितीही नवं आणा, आपण जे पेरू तेच उगवणार. मीही डोळे मिटून सह्या केल्यात. मी कुठं सोवळ्यातला? पण आता पुरे!”

बाईंनी ‘रद्द’ दाबलं. कारण लिहिलं: वीज गेली, पाणी कसे आहे ते ठाऊक नाही. मग त्या उठून दारात आल्या.

“मायाक्का, पाणी कसं आहे ते मला ठाऊक नाही. मागंही नव्हतं. नवी तपासणी होईस्तोवर मेंढरं नाल्यावर नेऊ नकोस. आमच्या प्यायच्या पाण्याच्या टाकीवर पाज.”

मायाक्का चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती साध्याच आवाजात म्हणाली,

“एवढंच आदी म्हनला असता की, बाई. म्या दुसरीकडं पाजली असती.”

बाईंनी तिची कळशी उचलून नळाखाली धरली.

त्यानंतर वीज गेली की बाई रद्दच दाबू लागल्या. वरून फोन आले, बोलणीही बसली. आणि नोंदींत रद्द तपासण्यांच्या लाल ओळींची रांग लांबत गेली तेव्हा कुठं इन्व्हर्टर आला. कोकरं त्या पाण्यानंच गेली का, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळायला तेव्हा तपासणी व्हायला हवी होती!

मंडळी, संगणक बदलला म्हणून कारभार बदलत नाही. आपापल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात आपण सारेच असे रकाने भरत असतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायला शिकू या. रिकाम्या रकान्याची लाज नको. लाज वाटावी ती खोट्या भरलेल्याची, कारण त्यावर भरवसा ठेवून कुणीतरी पाणी पीत असतं.