आजारी माणसाचं नाव

डोंगरातल्या सादान गावच्या विणकरणींच्या वेबसाइटवर कापडांच्या चित्रांखाली बायकांची नावं टॅग म्हणून झळकत. नावावर बोट ठेवलं की तिनं विणलेली कापडं समोर येत. सगळा कारभार सरिराच्या हाती. विणकरणींच्या बैठकीत ठरलं, जी विणते तिचंच नाव दिसायला हवं. नाहीतर गिऱ्हाईक भलतीकडेच मागणी नोंदवतं. सरिरानं प्रत्येक नावाला एक रकाना जोडला: विणते, आजारी, गेली. मग त्या रकान्यावर चाळणी, म्हणजे फिल्टर, लावली. गेलेल्यांची अकरा नावं गळाली, कुणी हूं की चूं केलं नाही.

तिनं मात्र लबाडी केली. ‘विणते’बरोबर ‘आजारी’लाही चाळणीतून सोडलं. आजारी म्हणून एकच नाव होतं, रेरुंग. तिची आई.

रेरुंगचा श्वास सात महिन्यांपूर्वी थांबला होता. पण इथल्या रीतीनं अंत्यविधी होईपर्यंत माणसाला घरातच ठेवतात, आणि तोवर तो आजारीच. दक्षिणेकडच्या खोलीत ती लाल कापडाखाली निजलेली असे. सरिरा रोज सकाळी तिथे कॉफी नेई, गावगप्पा सांगे. खिडकीतून ढग आत शिरत, भिंती विरघळून जात, आणि आई कूस बदलतेय असं वाटे. तिथून उठून संगणकाच्या पडद्यावर ते नाव पाहिलं की सरिराचा जीव भांड्यात पडे.

आज ताप्पीमावशी तणतणत जिना चढून आली.

“मकासार शहरातून मागणी आलीय. लेकीच्या लग्नाला कापड हवंय, तेही रेरुंगच्याच हातचं! काय सांगू त्यांना?”

“आजारी आहे म्हणून सांग.”

“मग नाव कशाला मिरवतेस तिचं?”

“गेलेली नाही ना ती, मावशी? तूच सांग.”

रेरुंग ताप्पीमावशीची पाठची बहीण. ‘गेली’ हा शब्द तिच्याही तोंडून निघेना. ती उंबऱ्यावर टेकली.

“नाही गं गेलेली. पण आजारी माणसाला कुणी कामाला जुंपतं का, पोरी? पडू दे की तिला निवांत.”

सरिराला स्वतःची लाज वाटली. तिनं चाळणीतून ‘आजारी’ काढलं. पानावरची बाकीची नावं अलगद सरकून एकमेकींजवळ आली, मध्ये जागासुद्धा उरली नाही. तिला रडू फुटलं. आईच्या नावापुढच्या रकान्यातल्या ‘आजारी’ला मात्र तिनं हात लावला नाही.

डोळे पुसून ती खोलीत गेली. आत ढग भरला होता, आईचा चेहरा दिसत नव्हता.

“आई, मावशी मकासारच्यांना नाही म्हणणार आहे. आता तुला कुणी काम सांगणार नाही.”

एरवी काही बोलली की सरिरा उत्तरासाठी थोडी थांबायची. आज थांबली नाही.