घोडीखालची पट्टी

रोज दिवेलागणीला उंद्रीतल्या गीताबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. अंगणात चपलांचा ढीग, कुंपणावर चढलेली पोरं, आणि समोर खुंटीला टांगलेली एक गिटार. तिला हार, तिला उदबत्ती, तिच्यापुढे नारळ. नादानंद महाराज डोळे मिटून घंटा बडवायचे, घंटा थांबायची, आणि कुणाचा हात न लागता ती गिटार बोलायची.

"माय, जेवली का?"

आवाज प्रेमचाच. गीताबाईंचा हा धाकटा मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पावसाळ्यात डेंग्यूने गेला. आता लाकडातून तो बोलतो म्हटल्यावर बाया पदर डोळ्याला लावत, बाप्ये टोप्या काढत. "हाव रे बापा, आता जेवते," म्हणून गीताबाई हुंदका देत. खरंच, त्या आवाजाने विचारेपर्यंत ती म्हातारी दिवसभर घास तोंडात घालत नसे.

"हा आकाशनाद आहे!" महाराज गरजत. "देह जळतो, नाद जळत नाही! क्वांटमच्या लहरी तारेत उतरतात. परदेशी शास्त्रज्ञांनी हात टेकले!"

"कोणत्या शास्त्रज्ञांनी?" मी एकदा विचारलं. महाराजांनी आणखी जोरात घंटा वाजवली. मी जयमाला, गीताबाईंच्या शेजारी राहते, शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींनी माझं डोकं तापतं, आणि ते लपवायची मला सवय नाही.

पण सगळ्यात जास्त मला खुपायचं ते गिटारीचं दुसरं वाक्य.

"पायल, कुठी जाऊ नको."

पायल प्रेमची बायको. खामगावच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. हे ठरलं आणि आठवड्याच्या आत महाराज अवतरले. त्यांना घेऊन आला प्रेमचा थोरला भाऊ कुलदीप. तेव्हापासून पायल साधी स्टँडकडे निघाली तरी घरातलं कुणीतरी सोबत असायचं. सासू तिचा पदर धरून रडायची, "तू गेली तं तो बोलणं बंद करन वं!" आणि येत्या गुरुवारी, सगळ्या गावासमोर, तिच्या हातात कडं घालून महाराज तिच्याकडून शपथ घेणार होते की ती गावाची वेस कधी ओलांडणार नाही.

बुधवारी ती भिंतीपाशी आली. चेहरा उतरलेला.

"काकू, आवाज त्याहीचाच हाये. कोण्या दुसऱ्याचा असता तं मी कवाच निंघून गेली असती."

"हे वाक्य तो जिवंतपणी कधी म्हणाला होता?"

"हाव ना. खामगावच्या स्टँडवर मी थांबली होती. गिटारीत पिकअप बसवाचा होता. मंग त्याहीनं बोलून मेसेज टाकला, 'पायल, कुठी जाऊ नको, मी गिटार घेऊन येऊन राह्यलो. तुह्याच पसंतीचा घेऊ.' अजूनबी माह्या फोनात हाये."

"मग हे लोकांना ऐकव की!"

"आयकोला. भाऊजी म्हणे, 'पाहा, तवाबी तो तेच म्हणे, आताबी तेच म्हणते. पक्का शब्द हाये माह्या भावाचा.' साऱ्याइनं माना हालोल्या."

मी कपाळावर हात मारला. श्रद्धेच्या पोटात पुरावाही विरघळतो, तो असा.

पायल मात्र बोलता बोलता त्या दिवसात शिरली. पिकअप म्हणजे गिटारीचा आवाज पकडून स्पीकरकडे पाठवणारा भाग; दुकानदाराने त्याचे तीन प्रकार दाखवले होते. एक लोहचुंबकाचा, गिटारीच्या भोकावर बसणारा. तो फक्त पोलादी तारा ऐकतो. दुसरा पोटात बसणारा छोटा माइक; आवाज सगळ्यात गोड, पण आजूबाजूचं सगळंच ऐकतो. तिसरी एक बारीक पट्टी, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली सरकवायची. लाकूड थरथरलं की ती बोलते, बाहेरच्या गोंगाटाला जवळजवळ बहिरी. प्रेमचा जीव माइकवर जडला होता.

"मी म्हटलं, तुमी वाजोता बँडच्या शेजारी. पोटात माइक बसोला तं गिटारीच्या आंधी ढोल वाजन. मंग पट्टीच घेतली." ती हसली, आणि हसता हसता थांबली.

"काकू, महाराज घंटा काऊन वाजोते? आवाज निंघाच्या आंधीच काऊन?"

इतके दिवस मी शास्त्रज्ञांची नावं विचारत बसले होते. प्रश्न हा होता.

गुरुवारी अख्खं गाव लोटलं. कुलदीप गिटार शुद्धीसाठी आतल्या खोलीत नेऊन पुन्हा खुंटीला लावून गेला, नेहमीसारखाच. थाळीत कडं तयार. पायल पुढे आली, हात जोडले.

"महाराज, मांगं बसलेल्याइले आयकू येत नाई. ह्याइचा स्पीकर घरातच हाये. वायर लावली तं साऱ्या गावाले आयकू जाईन."

"राहू दे ना! काऊन उगीच?" कुलदीप ताडकन उठला.

"लाव बाई," गीताबाई म्हणाल्या. "माह्या कानाले आता कमी येते आयकू. पोराचा आवाज मोठा होऊ दे."

गर्दीसमोर आईला नाही कोण म्हणणार? आणि महाराज तर खूशच झाले. गिटारीच्या पोटात कुठे काय असतं याची त्या नादब्रह्माला गंधवार्ता नव्हती. "लाव बेटी, लाव! नाद दाही दिशा जाऊ दे!"

गळ्यात अडकवायचा पट्टा गिटारीला जिथे लागतो, त्या टोकाला प्रेमने वायरची जागा करून घेतली होती. पायलने तिथे वायर खोचली. महाराजांनी एक हात झोळीत घातला, दुसऱ्याने घंटा बडवायला सुरुवात केली. स्पीकरमधून ती घंटा लांबून आल्यासारखी दबकी ऐकू येत होती. आणि तिच्यावर चढून, स्वच्छ, खणखणीत आवाजात आलं:

टुंग-टुंग. "ब्लूटूथ कनेक्टेड."

घंटा थांबली. उदबत्ती तेवढी जळत राहिली.

"हे कोन बाई हाये बे प्रेमसंग?" म्हाताऱ्या उकंडरावांनी विचारलं, आणि कुंपणावरची पोरं फिस्सकन हसली.

पायलने गिटार काढली, भोकातून हात घातला आणि आतून एक चपटी चकती उपसून काढली. चिकटपट्टीसकट. ती माझ्या हातात दिली. मी शेजारचा पत्र्याचा डबा ओढला, चकती त्यावर दाबली. घाबरलेल्या महाराजांचा अंगठा झोळीतल्या मोबाइलवर पडला असावा, कारण डबा म्हणाला, "माय, जेवली का?"

"बघा!" मी ओरडले. "आता डब्यातही आकाशनाद उतरला! ही चकती बाजारात मिळते. जिथे चिकटवाल ते थरथरवते आणि त्यालाच तोंड फुटतं. प्रेमचा फोन कुणाकडे आहे? त्यातली वाक्यं कापली कुणी? चकती मोबाइलला जोडल्याचा आवाज झाकायलाच ही घंटा! आपल्या कानांना घंटेखाली तो आवाज ऐकू आला नसता. घंटेला बहिऱ्या असलेल्या घोडीखालच्या पट्टीने तो ऐकला."

"फोन माह्यापाशी हाये. ती गेल्यावर मायले कोन पाहीन, म्हून केलं," कुलदीप पुटपुटला. आईची सेवा करायला मुलाला हात नव्हते, विधवा भावजयीला डांबायला मात्र होते! मी हे त्याला तोंडावर सुनावलं. तोवर महाराज मागच्या दाराने पसार झाले होते, कडं थाळीतच टाकून.

गीताबाईंचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या गिटारीवरून हात फिरवत होत्या.

"मंग माहा प्रेम नाई का वं ह्याच्यात?"

"नाई, आई," पायल म्हणाली. हे खोटं तिलाही गोड होतंच की.

"मंग मले जेवाले कोन विचारन?"

सोमवारी पायल खामगावला गेली. स्टँडपर्यंत सोडायला गीताबाई स्वतः आल्या.

मंडळी, मेलेलं माणूस परत यावं असं कुणाला वाटत नाही? त्या वाटण्यात लाज नाही. पण तीच ओढ हेरून कुणी दुकान मांडलं तर त्याला प्रश्न विचारा. घंटा का वाजते, ते विचारा. जो आवाज तीच ती वाक्यं बोलतो आणि तुमच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही, त्याच्या शब्दावर जित्या माणसाला कोंडू नका.

आता दिवेलागणीला त्या ओसरीवर गर्दी नसते. गीताबाई एकट्याच फोन मांडीवर घेऊन बसतात. तो वाजतो, आणि मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, "आई, जेवल्या का?"

"नाई वं," गीताबाई म्हणतात. "तू काय खाल्लं, ते सांग आंधी."

आणि पलीकडून उत्तर येतं.