बटणांच्या डब्यातली गोळी

मी एक जुना बटणांचा डबा आहे. सागवानी, हातभर लांब, बारा कप्प्यांचा, वर सरकतं झाकण. मित्रांनो, शाळेत असताना तुमच्याकडून छत्रीचं, फळ्याचं, फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहून घेतलं असेल. माझं कुणी लिहायला सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं. माझी गोष्ट त्या वयाची नव्हती. आता तुमचे केस पिकलेत, रक्तदाब मोजायचं यंत्र घरात आलंय. आता ऐकायला हरकत नाही.

माझा जन्म एका कपाटाच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून झाला. एका सुताराने लग्नाचा कोट आमच्या शिंपी मास्तरांकडून शिवून घेतला. तो अंगाला असा बसला की सासरच्यांनी नवरदेवापेक्षा कोटाचंच कौतुक केलं. त्या आनंदात सुताराने मला बनवलं आणि मास्तरांना भेट दिलं. मास्तर तेव्हा तिशीच्या आत होते. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. बाई, म्हणजे मास्तरांची बायको, दुपारी उंबऱ्याशी बसून काजं करायच्या.

बटणं बाजारातून पुठ्ठ्यावर शिवलेली येत. मास्तर ती घरी आणली की आधी कात्रीने दोरा कापत, पुठ्ठा फेकून देत आणि बटणं रंग-आकारानुसार माझ्या कप्प्यांत टाकत. पुठ्ठ्यावर नंबर असतो, तो राहू द्यावा, असं बाई म्हणायच्या. मास्तर म्हणायचे, नंबर माझ्या बोटांत आहे. आणि खरंच होता. मान वर न करता ते माझ्यात हात घालत आणि हवं तेच बटण काढत. गिऱ्हाइकं बघत राहायची. लहान मुलं माझ्या कप्प्यांत बोटं खुपसून खळखळ आवाज करायची. मला त्याचा अभिमान होता. लाकडालाही अभिमान असतो, मित्रांनो, आणि तो फुगतोही पटकन.

मग तयार कपड्यांचे दिवस आले. शिवण्यापेक्षा उसवण्याची कामं वाढली, चेन बदलणं, लांबी कमी करणं. माझे कप्पे एकेक करून रिकामे झाले. शेवटी मी मागच्या खोलीत खिडकीच्या फळीवर जाऊन बसलो आणि धूळ खायला लागलो.

मला तिथेच पुन्हा कामाला लावलं ते मास्तरांच्या तब्येतीने. आधी रक्तदाब निघाला, मग साखर, आणि सत्तावन्नाव्या वर्षी जिना चढताना छातीत दाटून आलं. हृदयाच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि एक बारकी पांढरी गोळी दिली, छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची. मास्तरांनी सगळी औषधं घरी आणली, कात्री घेतली आणि जे बटणांचं केलं तेच गोळ्यांचं केलं. प्रत्येक गोळी तिच्या चंदेरी पाकिटातून बाहेर काढली, पाकिटं फेकली आणि माझे कप्पे भरले. गोल पांढऱ्या इकडे, लांबट तिकडे, गुलाबी मधे, जिभेखालची कोपऱ्यात.

बाई म्हणाल्या, नाव गेलं, तारीख गेली, उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार?

मास्तर म्हणाले, तीस वर्षांत पांढऱ्या शर्टाला काळं बटण लागलंय का कधी?

लागलं नव्हतं. बाईंनी पाकिटांचा केर भरला. खरं सांगायचं तर मीही मनातून मास्तरांच्याच बाजूने होतो. रिकामपणापेक्षा काहीही बरं वाटतं.

आता जे सांगायचं ते हलक्या आवाजात सांगतो. खिडकीच्या फळीवरून पलंग दिसतो. वर्षभर मी बघत होतो, मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपत. पूर्वी ही दोघं उशीवर डोकं टेकवून अर्धा तास गिऱ्हाइकांच्या नकला करायची, हसायची, दिवा मालवायची. आता मास्तरांना ती भीती बसली होती की जवळ गेलो आणि काही जमलं नाही तर? दोन-तीनदा जमलं नव्हतं. डॉक्टर त्याला ताठरता न येणं म्हणतात. मास्तर त्याला काहीच म्हणत नव्हते, कारण ते कुणाशी बोललेच नव्हते. बाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाले, सध्या काम फार आहे. काम नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. बाई त्यानंतर आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहायला लागल्या, आणि मग उभ्या राहायच्याच बंद झाल्या.

शिंप्याला लोक सगळं सांगतात. कमरेभोवती टेप असली की माणसाची जीभ सैल होते. असाच एक दिवस बिगुलभाऊ आले. हे बागेतल्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे बिगुलासारखं पितळी वाद्य, वाजवायचे आणि दरवर्षी गणवेश कमरेत सैल करून घ्यायचे. त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांनाही ती अडचण होती, डॉक्टरकडे गेले, तपासण्या झाल्या, गोळी मिळाली, आता मजेत आहेत. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा टेप हातात असताना स्वतःचं सांगितलं. बिगुलभाऊंनी खिशातली स्ट्रिप काढली, एक गोळी मोकळी केली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली. मित्राला मित्राने मदत केली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती पिवळी, बदामाच्या आकाराची गोळी माझ्या अकराव्या कप्प्यात आली.

एक गोष्ट मास्तरांना माहीत होती. जिभेखालची गोळी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं की पुरुषांच्या त्या तक्रारीची गोळी आणि ही गोळी यांचं एकमेकींशी वैर आहे. दोन्ही शरीरात एकत्र आल्या की रक्तदाब धाडकन खाली जातो, माणूस जागीच कोसळू शकतो. तसली काही अडचण आहे का, असंही विचारलं होतं. बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. मास्तर छे छे म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आता त्यांनी मनाशी हिशेब केला की कळ येऊन महिना झाला, एका दिवसाने काय होतंय?

तो दिवस रविवारचा ठरला. दुकान बंद. बाई बहिणीकडे गेल्या होत्या, चार वाजता येणार होत्या. मास्तरांनी दोनदा दाढी केली. तीन वाजता गोळी घेतली. मग बसवेना. काहीतरी हाताला हवं म्हणून स्टूल घेऊन माळ्यावरचे पडद्याच्या कापडाचे तागे उतरवायला लागले. पहिला उतरवला. दुसरा खांद्यावर घेतला आणि स्टुलावरच थांबले. चेहरा पांढरा पडला. कसेबसे खाली उतरून ते जमिनीवर बसले, आणि तेवढ्यात बाई दारात.

बाई घाबरल्या, पण हात घाबरले नाहीत. त्यांनी मास्तरांना भिंतीला टेकवलं, गळ्याचं बटण काढलं, मला ओढलं, झाकण सरकवलं आणि कोपऱ्यातली बारकी गोळी बोटावर घेतली. गोळी ओठांपर्यंत गेली. मास्तरांनी ओठ मिटले.

"तोंड उघडा," बाई म्हणाल्या. "हट्ट नंतर करा."

मास्तरांनी मान हलवली. मित्रांनो, मी तीस वर्षं त्या माणसाचे हात ओळखतो. कात्री कधी रेघ सोडून गेली नव्हती. आता त्या हातांनी बाईंचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि मला कळत नव्हतं की कळ जास्त आहे की लाज. बोलले नाहीत तर ती गोळी जिभेखाली जाणार होती.

"ती नको," मास्तर म्हणाले. "मी दुसरी घेतलीय. बिगुलभाऊची. त्याची... ती."

बाईंनी पापणी मिटून उघडली, तेवढाच वेळ घेतला. बोटावरची गोळी परत कप्प्यात टाकली.

"बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता हलू नका."

त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. हृदयाचा रुग्ण आहे, छातीत दुखतंय, आणि तासाभरापूर्वी ताठरतेची गोळी घेतलीय, असं स्पष्ट सांगितलं. गडबड ऐकून आलेली शेजारीण दारात उभी होती, तरी बाईंचा आवाज एक धागाही खाली आला नाही. मग मला काखेत मारलं आणि निघाल्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझं झाकण सरकवलं आणि बारा कप्प्यांकडे बघत राहिली. गिऱ्हाइकं बघत राहायची तशी नाही. चार कप्प्यांत चार तऱ्हेच्या पांढऱ्या गोळ्या, एकावरही नाव नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नीटनेटकेपणाची शरम वाटली. तिने विचारलं, घेतलेली गोळी कोणती?

"पिवळी होती," मास्तर म्हणाले. "बदामी आकाराची."

"रंगावरून चालत नाही, काका. एक जात दिवसभरात उतरते, दुसरी दोन-दोन दिवस अंगात राहते. तेवढा वेळ आम्हाला ते छातीचं औषध देता येत नाही. नाव हवं."

नाव बिगुलभाऊंच्या खिशात होतं आणि बिगुलभाऊ बागेत वाजवत होते. बाईंनी फोन लावत ठेवला. पाचव्यांदा त्यांनी उचलला, ऐन धून रंगात आलेली असताना. बाईंनी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. भाऊंनी कॉर्नेट काखेत धरून स्ट्रिप काढली आणि एकेक अक्षर ओरडून वाचलं, कारण पाठीमागे ढोल थांबायला तयार नव्हता. अख्ख्या वॉर्डने ते नाव ढोलाच्या तालावर ऐकलं. दोन दिवस राहणारी निघाली. डॉक्टरीणबाईंनी ते कागदाच्या वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दुसऱ्या औषधांनी मास्तरांना सांभाळलं.

हृदयाची एक नळी अरुंद झाली होती, ती मोकळी केली. तिसऱ्या दिवशी हृदयाचे डॉक्टर आले आणि पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी सांगितलं की ताठरता आणणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्यापेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड पुष्कळदा आधी तिथे दिसतो. ती तक्रार तेव्हाच सांगितली असती तर छातीची चौकशी आधी झाली असती. ही तक्रार म्हणजे पुरुषपणाची परीक्षा नाही, साखरेसारखाच एक आजार आहे.

डॉक्टर गेल्यावर बाईंनी चादरीची घडी नीट केली.

"वर्षभर मला वाटत होतं, मी नकोशी झाले," त्या म्हणाल्या. "आणि सगळं तुमच्या नळीत अडकलं होतं होय."

मास्तर हसले. मग रडले. मग दोन्ही एकदम करायला लागले, तेव्हा नर्सने त्यांना दम दिला.

बिगुलभाऊ घरी भेटायला आले ते टोपी हातात घेऊन. बाईंनी चहा दिला आणि विचारलं की भाऊ, तुमचा गणवेश मास्तरांना बसेल का? भाऊ म्हणाले, छे, मी दोन मास्तर भरतो. बाई म्हणाल्या, मग तुमच्या अंगाची गोळी त्यांना कशी बसेल? भाऊंनी चहात बघून मान डोलावली. एका गिऱ्हाइकाने फोनवरच्या जाहिरातीतलं चूर्ण सुचवलं, वनस्पतींचं आहे, अपाय नाही म्हणे. औषधवाल्याने मास्तरांना सावध केलं की असल्या चूर्णांत कधी कधी तेच औषध न सांगता मिसळलेलं असतं, आणि किती ते कुणालाच माहीत नसतं.

मग सात महिने गेले. दोघं रोज संध्याकाळी तळ्याला फेरी मारायला लागली. साखर आटोक्यात आली. डॉक्टरांनी मास्तरांना फिरत्या पट्ट्यावर चालवून बघितलं, जिभेखालची गोळी बंद केली, आणि त्यानंतरच मास्तरांनी स्वतः तोंड उघडून त्या गोळीचं विचारलं. बाई तेव्हाही शेजारच्या खुर्चीतच होत्या. चिठ्ठी मास्तरांच्या नावाची मिळाली, अगदी कमी ताकदीची. दिवसातून एकीपेक्षा जास्त नाही. दारूवर नाही. छातीत दुखलं तर सगळ्यात आधी गोळी घेतल्याचं सांगायचं. ताठरता चार तासांत उतरली नाही, किंवा अचानक दिसेनासं, ऐकू येईनासं झालं, तर लाजत घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि मनात ओढ नसेल तर गोळी एकटी काही करत नाही, हेही. बाईंनी खोक्यातला घडीचा कागद उलगडून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. मास्तर म्हणाले, लग्नाआधी माझी चौकशीसुद्धा इतकी केली नव्हती.

त्या गोळ्या आता आपल्या पाकिटात, आपल्या नावानिशी, आपल्या खोक्यात कपाटात असतात. इतर औषधंही तशीच. मला त्यांनी रिकामा केला, पुसला, उन्हात ठेवला आणि पुन्हा दुकानात आणला. बाई जुन्या शर्टांची बटणं काढून माझ्यात टाकतात. सहा कप्पे भरलेत. मी समाधानी आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. औषधाला त्याच्या पाकिटातून उघडं करून माझ्यासारख्याच्या स्वाधीन करू नका. आम्ही डबे दिसायला व्यवस्थित असतो, पण विचारलं तर एक नाव सांगता येत नाही. दुसऱ्याची गोळी घेऊ नका, आपली देऊ नका. आणि डॉक्टरने विचारलं तर कॅलेंडर वाचू नका.

मागच्या आठवड्यात एक ट्रकचालक पँट शिवायला आला. मास्तर कमरेचं माप घेत होते. त्याने आधी हवेची चौकशी केली, मग मास्तरांच्या तब्येतीची, मग घसा खाकरून म्हणाला की मास्तर, तुमच्या ओळखीत कुणाकडे ती गोळी मिळेल का.

मास्तरांनी टेप गुंडाळली.

"माप मी घेतो," ते म्हणाले. "हे डॉक्टरला सांग. मी सांगितलं नव्हतं, मरता मरता वाचलो."

"आणि बायकोला त्याच्याही आधी," आतून बाईंचा आवाज आला.

ट्रकचालक कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, हा काही आता पँट न्यायला फिरकत नाही. पण मंगळवारी आला. बायको बरोबर होती.