गिऱ्हाइकाचा कोट

मी एक कोट आहे. लांब, राखाडी, चार मोठ्या बटणांचा. मला कुणी विचारलेलं नाही, तरी मी बोलणार. गप्प लटकून राहायचा मला वीट आलाय.

शिवणाच्या कारखान्यात एकीने माझ्या बाह्या शिवल्या, दुसरीने कॉलर. त्यांच्यापैकी एकीनेही मला कधी अंगात घालून पाहिलं नाही. तिथून मी गावाबाहेरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात आलो. एका श्रीमंत बाईने मला विकत घेतलं, एका समारंभात मिरवलं, अस्तराला सिगारेटचं भोक पाडलं आणि "रंग नाही आवडला" म्हणून परत आणून टाकलं. तिला पैसे परत मिळाले, वर माफीही. मला भंगारात काढताना मॅनेजर मोज्यांच्या काउंटरवरच्या बाईला म्हणाला, "न्या हवा तर."

तिला सगळे मोजेताई म्हणत. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी शिकणारी, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तिने माझं भोक असं रफू केलं की मलाच सापडेना.

दुकानाचं शटर खाली येईपर्यंत शेवटची बस निघून गेलेली असे, म्हणून बायका स्कूटरने येत. एक दिवस फाटकावर पाटी लागली: गिऱ्हाइकांना पार्किंग मोफत, कर्मचाऱ्यांना रोजचे पैसे. म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस नुसती स्कूटर उभी करण्यासाठी राबायचं. मॅनेजरच्या गाडीला मात्र छपराखालची जागा, फुकट.

"दिवसभर उभं राहायचं आपण, आणि भाडं उभ्या स्कूटरचं!" मोजेताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने निळ्या युनिफॉर्मवर मला चढवलं आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

वॉचमनने तिला लगेच ओळखलं. "या बाईसाहेब! आज काय खरेदी?"

"तुमच्यासाठी अक्कल घ्यायला आलेय. आहे का शिल्लक?"

"संपली हो. मॅनेजरसाहेबांनाही नाही मिळाली." आणि त्याने फाटकाचा दांडा वर केला.

असे काही महिने गेले. मी अंगावर असलो की लोक तिला वाट देत. मी उतरलो की तेच लोक काउंटरवर बोट आपटून "ए, इकडे बघ" म्हणत. माणूस तोच, कापड वेगळं. मला माझ्या शिवणीची लाज वाटायची.

मग सेल लागला. पहिल्याच दिवशी मॅनेजर स्वतः गाड्यांपाशी स्वागताला उभा. तिने माझं गळ्याजवळचं बटण पुन्हा चाचपून पाहिलं. तो हसला, कमरेत वाकला. "या मॅडम, या!"

रोज सकाळी हजेरीला समोर उभी राहणारी बाई, आणि त्याला तिचा चेहरा ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो फक्त निळा युनिफॉर्म.

आम्ही सुटलोच होतो. तेवढ्यात एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन गाडीतून उतरली. "अहो, लहान मुलांचे मोजे कुठं मिळतील हो?"

"या ना आजी, दाखवते! केवढं आहे बाळ? लोकरीचे बघू की सुती?"

जीभ सवयीने पळाली. मॅनेजरचं हसू जागीच वाळलं.

त्याच्या खोलीत त्याने तिला मला उतरवायला लावलं. "फसवणूक आहे ही. आणि कोट आपल्याच दुकानातला! चोरी पण?"

"तुम्हीच दिलात, साहेब."

"मला आठवत नाही."

"मघाशी माझं तोंड तरी कुठं आठवलं तुम्हाला?"

तो लाल झाला. "उद्यापासून यायचं नाही. आणि जाताना आजच्या पार्किंगचे पैसे भरा."

"काढलंत ना मला? मग आता मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला फुकट."

बोलली झक्क. पण दाराच्या काचेतून मी पाहिलं, जिन्याचा कठडा तिने दोन्ही हातांनी धरला होता. घरी जाऊन हेच वाक्य तिला मुलीसमोर म्हणता येणार नव्हतं.

मी आता मॅनेजरच्या दारामागे खिळ्याला असतो. नव्या मुली कामाला लागल्या की तो मला दाखवतो. "असली हुशारी चालणार नाही इथं." मुली खाली बघतात आणि पैसे भरतात. एक जण पैसे वाचवायला लांब हमरस्त्याच्या कडेला स्कूटर लावते आणि काळोखातून चालत जाते, जीव मुठीत धरून.

गिऱ्हाइकांनो, तुमची गाडी फुकट आत येते ना? तिचं भाडं कोण भरतं, ते मोजे दाखवणाऱ्या मुलीला विचारा. पण मॅनेजरसमोर नको. ती बिचारी विचारल्याचं उत्तर देऊन बसेल.