बदामाचं तेल

त्याने कोपरापर्यंत साबण चोळला, हात धुतले, नाकाशी नेऊन हुंगले आणि पुन्हा साबणाची वडी उचलली. मागे खुर्चीत गळ्याभोवती पांढरं कापड बांधून बसलेले मास्तर आरशातून बघत होते.

“अरे, केस कापणार आहेस की पोट? डॉक्टरसुद्धा एवढे हात धूत नाहीत.”

तो हसला नाही. हात पुसून त्याने कात्री घेतली.

“आणि नंतर मालिश विसरू नकोस. बदामाचं तेल दिसत नाही कुठं.”

“बंद केलं, मास्तर.”

“बंद? डोक्यावर चार केस उरलेत माझ्या. त्यांच्याही तोंडचा घास काढलास?”

“मुलीला चालत नाही,” तो म्हणाला आणि त्यांची मान जरा जास्तच जोरात खाली वाकवली.

मुलगी म्हणजे ठकी. अजून चार वर्षांचीही नव्हती. महिन्यापूर्वी शेजारच्या घरी तिने केकचा एक घास खाल्ला आणि बघता बघता तिचे ओठ सुजले. दवाखान्याच्या वाटेवर ती आईच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, की काजू, बदाम, अक्रोड, काहीही, कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. गेलंच तर मांडीत दाबायचं इंजेक्शन कायम सोबत हवं.

त्याने एकच प्रश्न विचारला होता. ठकी जन्मली तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिला सलूनमधलं बदामाचं तेल लावायचा, टाळूपासून तळपायापर्यंत. त्याचा हात हलका होता, गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी लांबून यायची. ठकी तर त्याच्या हाताखालीच झोपायची.

“त्या तेलाने झालं का?”

“ते आता सांगता यायचं नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “यापुढे वापरू नका. साबणाने हात धुवा आणि खुशाल जवळ घ्या.”

शेवटचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. त्याने बाटल्या फेकल्या, कंगवे उकळले, टॉवेल बदलले. तरी वास जाईना. दुसऱ्या कुणालाच तो येत नव्हता. त्याला मात्र भाकरीला, उशीला, स्वतःच्या नखांना येत होता. घरी गेल्यावर ठकी धावत आली, की तो दोन्ही हात वर करायचा, पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे. ‘थांब हं, हात धुऊन येतो,’ म्हणून न्हाणीघरात शिरायचा, तो तिचा नाद दुसरीकडे लागेपर्यंत बाहेर यायचा नाही.

“बाबा रुसलाय का, म्हणून विचारत होती,” बायको एकदा म्हणाली.

“माझ्या हातांचा भरवसा नाही मला.”

“मग कुणाच्या हातांचा धरायचा? मी काय जन्मभर रजा काढू?”

आज तिची रजा संपली होती. कपड्यांच्या कारखान्यात तिची दुपारची पाळी होती. मास्तरांची एक बाजू कापून होते न होते तोच ती ठकीला घेऊन दारात आली. इंजेक्शनची पिशवी तिने त्याच्या गळ्यात अडकवली.

“डब्यात बिस्किटं आहेत, काल खाल्ली तीच. दुसरं काही द्यायचं नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि भुतासारखा लांबून बघत बसू नकोस तिच्याकडे.”

बाकावर त्याने घरची धुतलेली चादर अंथरून ठेवलीच होती. ठकी तिच्यावर मांडी घालून बसली आणि बाहुलीचे केस दोन बोटांनी कापू लागली.

“मालिश करू का, मास्तर?” तिने बाहुलीला विचारलं.

मास्तर खदखदून हसले. “बघ, हिला आमची किंमत आहे!”

त्यालाही हसू फुटणार होतं. तेवढ्यात ठकी खोकली. अर्धं बिस्कीट हातात धरून तिने जीभ बाहेर काढली आणि नखांनी खरवडली.

“बाबा, जीभ खाजते.”

तिचा आवाज तिचा वाटेना, घोगरा होता. मानेवर लाल चट्टे उठत होते. त्याचे पाय जमिनीला खिळले. मग तो वळला, आणि वळला तो नळाकडे. नळ सोडला, साबण घेतला. आरशात त्याला ठकी दिसली. ओठ फुगत चालले होते, आणि ती दोन्ही हात त्याच्याकडे करून थांबली होती. धुऊन होण्याची वाट बघत.

साबण बेसिनमध्ये आपटला. तो बाकाशी पोचला, तिला उचललं, तसाच फरशीवर बसला आणि तिला मांडीवर आडवं घेतलं. पिशवीची चेन अडकली. त्याने ती दातांनी ओढली. टोपण काढलं. ठकीची मांडी त्याच्या मनगटापेक्षा फारशी जाड नव्हती.

“बाबा, नको!”

त्याने दाबलं. खटका वाजला. ठकीचं सगळं अंग धनुष्यासारखं ताठ झालं आणि त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. मास्तर एका बाजूने कापलेलं डोकं आणि गळ्यातलं पांढरं कापड घेऊन फोनवर सलूनचा पत्ता सांगत होते, वर्गात शुद्धलेखन घालावं तसा एकेक शब्द तोडून.

“बोल ना गं,” तो म्हणत होता. “काहीतरी बोल. रड तरी.”

कितीतरी वेळाने ती रडली. आधी शिट्टीसारखं बारीक, मग चिरकं, मग घसा मोकळा होऊन मोठ्यांदा. ते रडणं ऐकून त्याच्या छातीतून असा काही आवाज निघाला, की मास्तरांनी फोन बाजूला धरून वळून पाहिलं.

रुग्णवाहिका आली तेव्हा मास्तर म्हणाले, “नळ मी बंद करतो. तू हो पुढं.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठकीचा श्वास ऐकला, चट्टे पाहिले, मास्तरांनी सोबत दिलेलं अर्धं बिस्कीट कागदात गुंडाळून घेतलं.

“हे दुखणं पुन्हा जोर करू शकतं. आज इथंच ठेवू तिला.”

“पण झालं कशाने?” त्याने विचारलं. “बिस्किटाने? की माझ्या...”

“कदाचित कळेल, कदाचित कधीच कळणार नाही.” त्या जरा थांबल्या. “आणखी उशीर झाला असता तर हे विचारायला आपण असे बसलो नसतो.”

त्याने मान हलवली. ठकी त्याच्या छातीवर गाल टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं. प्रत्येक श्वास आत जाताना तोही श्वास धरत होता आणि तिने सोडला की सोडत होता.

बायको धापा टाकत आली. अंगात कारखान्याचा डगला तसाच होता. तिने ठकीच्या नाकाशी बोट धरलं, कपाळ चाचपलं आणि मग दोन्ही हात पुढे केले.

“दे, मी घेते. अवघडला असशील.”

“राहू दे,” तो हळूच म्हणाला. “आत्ताच झोपलीय.”

आणि ठकीला न हलवता तो बायकोला बसायला जागा करून देण्यासाठी थोडा सरकला.