माळ्यावरचे त्रेचाळीस ठिपके

प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचं, ही विनीत सरांची खोड सगुणाबाईंना चहाच्या पहिल्या कपातच खटकली. खाडीच्या भरतीचं तुम्हाला मोबाईलवरूनच कळलं ना, असं म्हणून माणूस लिहूनही मोकळा. चाळीस वर्षं मासळी विकताना असली गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. भाव विचारायचा, आपणच ठरवायचा आणि वर घासाघीस केल्याची ऐट.

पण आज जीभ आवरायची होती. सर म्हणजे नात वर्षालीचे गाइड, आणि तिची पीएचडी त्यांच्या सहीवर टांगलेली. संकटात कॉम्प्युटर माणसाच्या कितपत कामी येतो, हा तिचा विषय. गेल्या पावसाळ्यात बाळकुमच्या त्यांच्या आळीत खाडीचं पाणी शिरलं, त्याआधीच तिने सगळ्यांच्या मोबाईलात एक अ‍ॅप घालून दिलं होतं. पाणी चढणार असलं की ते बोंबलायचं आणि कुठला फोन कुठे आहे ते टिपून ठेवायचं. ती स्वतः त्या दिवशी डोंबिवलीत अडकलेली.

सरांनी लॅपटॉपवर नकाशा उघडला. दुपारी एक वाजता आळीभर विखुरलेले त्रेचाळीस ठिपके. वीस मिनिटांनी सगळे सगुणाबाईंच्या घरात. सूचना मिळताच त्रेचाळीस माणसं सुरक्षित जागी जमली, असं सरांनी प्रबंधात घालायला लावलं होतं. आता आजींनी हो म्हणायचं, की फोटो काढून सर निघणार.

सगुणाबाईंनी वर पाहिलं. जाळी ठेवायचा तो माळा. तिथे मांजर व्यायली तर पिलांनाही अंग चोरून बसावं लागतं.

मग वर्षालीकडे पाहिलं. पोर नखं कुरतडत होती. हो म्हटलं तर डॉक्टर होणार, नाही म्हटलं तर तीन वर्षं पाण्यात. शिळा बोंबील ताजा म्हणून खपवला तर गिऱ्हाईक फार तर नाक मुरडतं. पण हे पुस्तक वाचून उद्या कोणी दुसऱ्या गावाला नुसत्या मोबाईलच्या भरवशावर सोडलं तर?

"वर्षाली, माळ्यावरची बर्फाची पेटी उतरव गो."

थर्माकोलच्या पेटीत रंगीत चिंध्या होत्या. बाजारात मासळीच्या पाट्यांची सरमिसळ नको म्हणून आळीतल्या प्रत्येक घराचा रंग ठरलेला. आपल्या पाटीला आपली चिंधी. सगुणाबाईंनी सगळं सांगितलं. फोन वाजले, आणि पाण्याच्या आधी वाजले, हे खरं. लोक बाहेर आले हेही खरं. पण बाहेर येऊन करत काय होते? शूटिंग. होड्या सुटत होत्या, म्हातारा धाकू खाटेवर हाका मारत होता, आणि शेजारचा जयेश मदत करायची सोडून त्याची मुलाखत घेत होता. तेव्हा सगुणाबाई पेटी घेऊन दारोदार फिरल्या, एकेकाच्या हातातून फोन हिसकावला, त्याला ज्याची त्याची चिंधी बांधून पेटीत घातला आणि पेटी माळ्यावर टाकली. हात रिकामे झाले तशी गड्यांनी होड्या बांधल्या, धाकूला खाटेसकट उचललं, आणि आळी टेकाडावरच्या शाळेत गेली. ठिपके माळ्यावर, माणसं शाळेत. म्हातारीने फोन हिसकावला हे पुढे कोण कशाला सांगेल?

सरांचा चहा निवला. तरी ते म्हणालेच, की म्हणजे शेवटी अ‍ॅपमुळेच...

सगुणाबाईंनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. सरांनी एकदा पेटीकडे, एकदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आपला फोन मुकाट्याने आत ठेवला.

वर्षालीने लॅपटॉप मिटला होता. वही उघडून तिने विचारलं, आजी, पहिला फोन कोणी दिला? आणि ती वाट पाहत राहिली.

सगुणाबाई सरांकडे वळल्या.

"मास्तर, तुमचा मोबाईल कोंबड्यासारखा वेळेवर आरवला, ते मी मानते. पण कोंबडा आरवला म्हणून भाकऱ्या आपोआप भाजत नाय. माझ्या नातीने आता एक प्रश्न विचारला आणि गप बसली, बघितलंत? ती झाली डॉक्टर. खरं लिहील, तुम्ही सही करा. तुम्हाला मात्र मी यंदा नापास केलंय."