शेवटची धार

शिवांजलीचं बाळ अडीच महिन्यांचं झालं होतं आणि तिची दोनशे पानी वही भरत आली होती. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, लंगोट किती भिजले. पाजताना दर सात मिनिटांनी मोबाईलचा अलार्म वाजे, की ती बाळाला ओढून दुसऱ्या बाजूला घेई. दोन्ही बाजूंना सारखं पाजावं असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. बाजू बदलली की बाळ घर डोक्यावर घेई. नवरा उदयसिंह फौजेत, राजस्थानात. तो व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारी, "रिपोर्ट?"

माहेरी वाईला हे खपून गेलं. तिसऱ्या महिन्यात ती सासरी, सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावी आली, तेव्हा सासूबाई मनुबाईंनी पंधरा दिवस ती रडारड ऐकून घेतली. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले. शेपूची भाजी तर इतकी झाली की शिवांजलीच्या घामालाही तिचा वास येऊ लागला. मग एक दिवस मनुबाईंनी इस्लामपुरातून पावडरीच्या दुधाचा डबा आणवला आणि कपाटात, तिला दिसेल असा ठेवला. वाकडं काही बोलल्या नाहीत.

"दूध पातळ हाय तुजं," एवढंच म्हणाल्या. "पोर भुकंलं ऱ्हातंय. रविवारपातुर बगू, मग डबा फोडू."

शिवांजली बी.एस्सी. होती, विषय केमिस्ट्री. मोजल्याशिवाय पातळ म्हणणं तिला मान्य नव्हतं. आणि मोजायचं यंत्र घरापासून वीस पावलांवर होतं. सासरे लालासाहेब गावच्या दूध डेअरीचे सचिव. गावाचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथं येई, यंत्राला घोटभर पाजलं की फॅट किती लागली ते चिठ्ठीवर छापून बाहेर पडे. गावात माणसाच्या शपथेपेक्षा त्या चिठ्ठीला जास्त मान होता.

शनिवारी दुपारी लालासाहेब जेवून लवंडले, तेव्हा शिवांजलीनं बाळाला घ्यायच्या आधी पहिलंच दूध वाटीत काढलं आणि पदराखाली झाकून डेअरीत गेली. यंत्रानं दूध घालणाऱ्याचा कोड विचारला. तिला घरचा तेवढा माहीत होता, एक. मग यंत्रानं विचारलं, गाय की म्हैस. तिसरा पर्याय नव्हता. तिनं गाय दाबलं.

फॅट दोन लागली.

साडेतीनच्या खाली लागली तर लालासाहेब गाईचं दूध परत पाठवत. तिनं चिठ्ठी वहीत ठेवली आणि कपाटातल्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचत बसली. सासूचं म्हणणं आता छापील झालं होतं.

यंत्राला स्मरणशक्ती असते, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना लालासाहेबांनीच विषय काढला. दुपारी अडीचला आपल्या कोडवर कुणीतरी गाईचं दूध लावलंय, आणि आपल्या गोठ्यात तर चारी म्हशी. त्यांचा संशय शेजारच्या भाऊसोवर होता. मागल्या सोमवारी त्याच्या गाईचं दूध परत गेलं होतं, तेव्हापासून त्यानं रामराम सोडला होता. त्याच्या दारात जाऊन विचारतोच म्हणून ते अर्ध्या ताटावरून उठले आणि चप्पल शोधू लागले.

"मामा," शिवांजली म्हणाली. सासऱ्यांना ती आपणहून क्वचितच हाक मारी. "भाऊसोंचं नाही ते."

"मग कुनाचं?"

"घरचंच आहे."

लालासाहेबांनी आधी गोठ्याकडं बघितलं, मग मनुबाईंकडं. मनुबाई सुनेकडं बघत होत्या. त्यांनी हळूच तोंडाला पदर लावला. लालासाहेब परत पाटावर बसले आणि त्यांनी भाकरी मोडली.

सासऱ्यानं सुनेशी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. म्हणून ते भाकरीकडं बघत बायकोशी म्हशीबद्दल बोलले.

"पयल्या धारंचं घेतलं आसंल. म्हशीचंबी पयलं पातळच असतंय, तान भागवाया. फॅट समदी शेवटच्या धारंला. रेडकू किती येळ सोडत्यात कासंला?"

"सात मिन्टं," मनुबाई म्हणाल्या. "मोबाईल वाजला की वडून दुसऱ्या बाजूला."

"घड्याळ लावून?" लालासाहेबांची मान वर आली आणि लगेच खाली गेली. "मग शेवटची धार कवा मिळायची त्येला? कास रिकामी झाली न्हाई तर म्हस आटती. एका बाजूचं त्येचं त्येला सुटू दे म्हणावं. मग दुसरी."

नमुना घ्यायच्या आधी ढवळायचं असतं, हे शिवांजलीला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं होतं. तिनं खाली बघून मान हलवली.

जेवणं उरकल्यावर तिनं अलार्म बंद केला. बाळ एकाच बाजूला एकवीस मिनिटं प्यालं; घड्याळाकडं बघणं काही तिचं सुटलं नाही. बाळाच्या मुठी सैल पडल्या आणि त्यानं आपणहून तोंड सोडलं. रडलं नाही. वहीत काय लिहावं हे तिला कळेना.

रविवारी मनुबाईंनी डबा फोडला नाही. आनखी एक आठवडा बगू, म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी लालासाहेबांनी डेअरीचा वजनकाटा पुसला, वर परात ठेवून काटा शून्यावर आणला आणि परातीत दुपट्यासकट बाळ ठेवलं. आठ दिवसांपूर्वी अंगणवाडीत भरलं होतं त्यापेक्षा दोनशे चाळीस ग्रॅम जास्त भरलं. दुपट्याचे चाळीस मनुबाईंनी जागेवर वजा करायला लावले. त्याच दुपारी त्यांनी डबा आणला तिथं परत धाडला.

बाळ परातीत असतानाच, मागं किटली घेऊन उभ्या असलेल्या भाऊसोनं मान पुढं काढली होती. "सचिव, फॅट बी बगा की."

लालासाहेबांनी डेअरीच्या वहीत कोड एकपुढं वजन लिहिलं आणि गाय की म्हैस हा रकाना मोकळा ठेवला.